पाय हलला नाही

आमच्या घरात एक गोष्ट गेली वीसेक वर्षं सांगितली जाते आणि ती चुकीची आहे. साखरपुडा असो, जावळ असो, नाहीतर कुणाचा दहावा, जेवणं उरकून माणसं भिंतीला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "आबा, डागाचं सांगा की." आबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. दौंडला रेल्वेत गँगमन होता, आता निवृत्त. तो आधी "काय तेच तेच" म्हणून मान हलवतो, पान जमवतो आणि मग सुरू होतो तो फेट्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाही.

गोष्ट अशी. त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. आमचे चुलते आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेले. लंगड्या मेंढराला डाग देतात तसा माणसालाही देता येतो, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी चुलीत विळा लाल केला आणि आबाच्या उजव्या पावलावर, शेवटच्या दोन बोटांच्या मुळाशी टेकवला. जळलेल्या कातड्याचा वास अंगणभर पसरला. आबानं हूं की चूं केलं नाही. डाग घेताना जो ओरडत नाही त्याला फेटा बांधायची आमच्या घरातली रीत. चुलत्यांनी स्वतःच्याच डोक्यावरचा सोडून त्याला बांधला. ऐकणारे माना डोलावतात. कुणीतरी पोरांना म्हणतं, "बघा, ह्याला म्हणत्यात छाती."

छातीचा इथं काही संबंध नव्हता. त्याचं पाऊल बधिर झालं होतं. मला हे त्याच वेळी कळलं होतं, कारण आमच्यात डाग देताना पाय घरातल्याच माणसानं धरायचा असतो, आणि तो घोटा माझ्या दोन्ही हातांत होता. हे मी तेव्हा बोललो नाही, नंतर बोललो नाही, आणि गोष्ट वाढत गेली.

मी शिरूरला शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात टक्कल पडलेली माणसं मला "सर" म्हणून थांबवतात आणि चेतापेशीची आकृती अजून आठवते असं सांगतात. काय आठवतं, तर शेपटीवाला सूर्य. मधे गोल, त्याला किरणं, एका बाजूला लांब शेपूट आणि शेपटाला शेवटी फाटे. गोल म्हणजे पेशीकाय, त्यात केंद्रक. किरणं म्हणजे वृक्षिका, त्या दुसऱ्या पेशींकडून निरोप घेतात. शेपूट म्हणजे अक्षतंतू, तो निरोप पुढं नेतो. शेपटाच्या टोकाला पुढची पेशी, पण तिला चिकटलेली नाही, मधे बारीकशी फट. त्या फटीतून निरोप रसायनाच्या रूपानं पलीकडं जातो. शेपटावर मायलिनचं आवरण, मधे मधे तुटक, उसाच्या पेरांसारखं. सुबक आणि नामनिर्देशित आकृती काढा. पोरं काढायची आणि मार्क घ्यायची.

ह्या आकृतीचा मला आता राग येतो. पहिली गोष्ट, तिचं मापच खोटं आहे. कागदावर मावावी म्हणून शेपूट आखूड काढलेलं असतं. पायाच्या अंगठ्याला जाणारी चेतापेशी खरी काढायची म्हटली, आणि पेशीकाय लिंबाएवढं धरलं, तर तिचं शेपूट वर्गातून निघून, मैदान ओलांडून, शाळेच्या फाटकाबाहेर बाजारपेठेत जाईल. एक पेशी, डोळ्याला न दिसणारी, आणि लांबी कमरेपासून अंगठ्यापर्यंत. एवढ्या लांब तंतूला लागणारा सगळा माल त्या एवढ्याशा पेशीकायातून टोकापर्यंत पोचवायचा असतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की आधी टोकाला हाल होतात. शेवटच्या गावाला पाणी येत नाही तसंच. म्हणून सुरुवात अंगठ्यापासून होते.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. चेतापेशी तीन तऱ्हेच्या असतात. संवेदी म्हणजे कातड्याकडून आत बातमी आणणाऱ्या. प्रेरक म्हणजे आतून स्नायूला हुकूम नेणाऱ्या. आणि सहयोगी, ह्या दोघींच्या मधे बसून जोडणाऱ्या. त्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतात. मी तिन्ही शिकवायचो, पण फळ्यावर आकृती एकच काढायचो. तोच सूर्य, फक्त खाली नाव बदललेलं. आता खरी संवेदी पेशी तशी नसतेच. तिचं पेशीकाय मज्जारज्जूच्या बाहेर, बाजूला एका गाठीत बसलेलं असतं. त्याला किरणं नाहीत. एकच देठ निघतो आणि त्याला दोन फाटे फुटतात, एक खाली कातड्यापर्यंत जातो, दुसरा मज्जारज्जूत शिरतो. रस्त्याच्या कडेला टपरी असावी आणि रहदारी समोरून जावी, तशी. प्रेरक पेशीचं पेशीकाय मात्र आत, मज्जारज्जूतच. म्हणजे एकाच पायाच्या ह्या दोन पेशी वेगळ्या घडणीच्या, वेगळ्या जागी राहणाऱ्या. एक मेली तरी दुसरी चालू राहू शकते. हे मी कधी काढून दाखवलं नाही. परीक्षेत विचारत नव्हते.

त्यामुळं शिरूर-दौंडच्या पट्ट्यात माझ्या हाताखालून गेलेले आणि न गेलेले सगळे लोक आजही एकच वाक्य बोलतात. "चालतोय की. मग नस कशी गेली?"

हे वाक्य मी चुलत्यांच्या तोंडून ऐकलं, भावाच्या तोंडून ऐकलं, एका कंपाउंडरच्या तोंडून ऐकलं. पाय चालवणारी पेशी निराळी, पायाला काय लागलं ते सांगणारी निराळी, एवढं साधं आहे. पण माणूस चालताना दिसला की लोकांचं समाधान होतं.

डागाच्या वेळी आबा पन्नाशीत होता. आधी तळपायांना मुंग्या, मग आग, मग तो म्हणायला लागला, "कापसावर चालल्यागत वाटतंय." एकदा रुळाशेजारून येताना त्याची चप्पल मागं खडीत राहिली आणि हा एका पायानं अनवाणी घरी आला. बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं खाली बघितलं. त्यावर सगळे हसले होते. मीही हसलो होतो. मी, ज्यानं त्याच आठवड्यात वर्गात संवेदी चेतापेशी शिकवली असेल.

मग तो डाग. मी घोटा घट्ट धरून बसलो होतो, कारण पाय झटकला जाणार हे ठरलेलंच. वर्गात मी हेच उदाहरण द्यायचो, तव्याला हात लागला की हात आधी मागं येतो आणि "हाय" नंतर निघतं. संवेदी पेशी बातमी मज्जारज्जूत आणते, तिथली सहयोगी पेशी ती प्रेरक पेशीकडं देते आणि हात असो की पाय, तो मागं घ्यायचा हुकूम सुटतो. मेंदूला हे थोडं उशिरा कळतं. माणूस शूर असला तर ओरडणं दाबेल, दात आवळून पाय जागेवर ठेवीलही. पण धरणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागतंच. घोट्यापुढची शीर ताठते, बोटं आखडतात.

माझ्या हाताला काही लागलं नाही. विळा टेकला, धूर निघाला, आणि माझ्या हातातला पाय गाढ झोपलेल्या माणसाच्या पायासारखा सैल होता. मी वर बघितलं. आबाचा चेहरा घाबरलेला नव्हता, की आवळलेला नव्हता. तो विळ्याकडं बघत होता, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा. मग चुलत्यांनी फेटा सोडायला घेतला, बायकांनी कौतुक केलं, आणि आबाचा चेहरा बदलला. त्याला आपण काहीतरी केलंय असं वाटायला लागलं. मी शिकलेला, मास्तर, आणि मीच पाय धरून बसलेलो. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न मलाच आला असता. मी हात धुवायला उठलो.

डाग चिघळला. बुटात पाऊल दाबलं जात होतं आणि ह्याला पत्ता नव्हता. पुढं साखर निघाली, आणि दोन बोटं काढावी लागली. घरातली नोंद अशी की, रेल्वेच्या खडीनं जखम झाली. खडीचा काही दोष नव्हता. जखम आमच्या विळ्यानं झाली, आणि त्या विळ्याखाली पाय मी धरला होता.

एवढ्यावर हे मिटलं असतं तर मी कदाचित गप्पच मेलो असतो. पण मागच्या उन्हाळ्यात आबाच्या नातवाचं जावळ होतं, दौंडला, आबाच्या घरी. मी शिरूरहून सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून गेलो. आबाचा मुलगा, माझा पुतण्या, कारेगावात राहतो आणि तिथल्याच एका कारखान्यात पत्रा दाबून कापायच्या प्रेसच्या मशीनवर आहे. तो रात्रपाळी करून मोटारसायकलवरून आला, कंपनीच्या बुटांतच. उंबऱ्याशी बसून त्यानं बूट काढले आणि सवयीनं आपटले. उजव्या बुटातून एक नट पडला. फरशीवर गरगरत माझ्या खुर्चीपाशी आला.

मी तो उचलला. कडा चांगल्या टोकदार होत्या. पुतण्याच्या मोज्याला तळव्याकडून तपकिरी डाग पडला होता, वाळून कडक झालेला.

"कधीपासून होता हा बुटात?"

"काय की. शिफ्टच्या सुरवातीला पडला असंल."

"आणि टोचला नाही?"

"न्हाई बा." तो हसला. "आप्पा, आमी आबाची पोरं हाय."

सगळं घर हसलं. आबानं पान जमवायला घेतलं. कुणीतरी म्हणालं, "व्हय की, खाण तशी माती." आणि मला कळलं की आता ती गोष्ट होणार, आणि हा मुलगा ती ऐकणार, आणि मोजा तसाच पायात ठेवून जेवायला बसणार.

"आधी मोजा काढ," मी म्हणालो.

"जेवून काढतो, आप्पा."

"आत्ता काढ."

त्याच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि खाली बसून त्याचा मोजा ओढला. अंगठ्याच्या खालच्या गादीला भोक होतं. नुसतं खरचटलेलं नव्हतं, भोक होतं, कडेनं पांढरं कातडं, आत ओलं. वासही होता. हे एका शिफ्टचं काम नव्हतं.

"हे कधीपासूनचं हाय?" तिनं विचारलं.

"अगं, दुखत न्हाई."

"म्या दुखतंय का न्हाई इचारलं?"

मी त्याला समजावायला बसलो. पाहुणे पंगतीची वाट बघत होते, बोकडाचा रस्सा उकळत होता, आणि मी एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर चेतापेशी काढत होतो. इथं कंबर, इथं गाठ, गाठीत ही पेशी, तिचा हा धागा अंगठ्यापर्यंत. ही बातमी आणणारी. ही दुसरी, आतली, हुकूम नेणारी. तो मान डोलवत होता, शाळेत बाकावर पोरं डोलवतात तशी.

"म्हंजी वायर शॉर्ट झाली म्हंता?"

"शॉर्ट नाही. टोकाकडून कुजत येतेय."

"मग आप्पा, मी किक मारतो, जिना चढतो, समदं करतो. नस गेली असती तर पाय चालला असता का?"

मला त्या क्षणी तो कागद फाडून टाकावासा वाटला. वीस वर्षं, आणि तेच वाक्य.

"तुझ्या मशीनला मोटर आहे?" मी विचारलं.

"हाय की."

"आणि मधे हात आला तर कळायला?"

"सेन्सर हाय."

"सेन्सरची वायर तुटली तर मोटर थांबते?"

"नव्या मशीनला थांबती. जुन्याला न्हाई थांबत. आन् थांबली तर पोरं बायपास करत्यात, प्रॉडक्शन अडतं म्हनून."

"मग जुनी मशीन चालते?"

"एक नंबर चालती."

"आणि हात मधे आला तर?"

त्याची बायको म्हणाली, "मागल्या साली त्या बिहारी पोराचं काय झालं, सांगा की आता आप्पांना."

"पण माझा सेन्सर चालू हाय," तो म्हणाला. "हात लावलेला कळतो मला."

"झोप मग," मी म्हणालो.

बाजेवर त्याला आडवं केलं. डोळ्यांवर टॉवेल टाकला. देव्हाऱ्यातली कापसाची एक कोरडी वात मागून घेतली. माझे नियम साधे होते, वात लागली की "आता" म्हणायचं आणि कुठं ते सांगायचं. आजूबाजूला माणसं गोळा झाली. गंमत चालली आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

गुडघ्याला लावली. "आता. गुडघा." नडगीला लावली. "आता." नडगीच्या खाली, घोट्याच्या वर. थोडं थांबून, "आता." घोट्याखाली मी वात नेली, पावलावर फिरवली, तळव्यावर, बोटांच्या बेचक्यात. तो गप्प. मग माझा हात वर असताना त्यानं म्हटलं, "आता." लोक हसले. आजूबाजूच्या कुजबुजीवरून तो अंदाज बांधतोय हे माझ्या लक्षात आलं. मी हातानं खूण करून सगळ्यांना गप्प बसवलं आणि वात त्याच्या बायकोकडं दिली.

तिनं ती घेतली. थोडा वेळ नवऱ्याच्या पायाकडं बघत राहिली. मग वात मुठीत मिटून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आता कुठल्या बोटाला लावलीय?"

"अंगठा," तो टॉवेलखालून म्हणाला. "उजवा."

"आन् आता?"

"करंगळी. लय सोपं हाय गं."

कुणी हसलं नाही. तो टॉवेलखाली हसत होता. मग त्यानं टॉवेल काढला आणि बायकोचे मांडीवरचे हात बघितले.

"फसवलं व्हय मला," तो म्हणाला, पण आवाज उतरलेला होता.

इथं आबा उठला. त्याला माझा फार राग आला होता, आणि तो रास्तच होता. घरचं कार्य, पाहुणे, आणि मी त्याच्या मुलाला सगळ्यांसमोर आंधळी कोशिंबीर खेळायला लावलं.

"दादा, ही काय शाळा हाय व्हय? त्याला दुखत न्हाई तर न्हाई दुखत. आमच्यात सोसत्यात. मी न्हाई सोसलं?"

मी म्हणालो, "तू सोसलं नाहीस. तुला कळलंच नाही."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. पण निघालं, आणि निघाल्यावर मी उरलेलंही सांगितलं. घोटा माझ्या हातात होता. शीर ताठली नाही, बोटं आखडली नाहीत. आणि तुझी दोन बोटं खडीनं गेली नाहीत, त्या डागानं गेली.

आबाचा चेहरा लाल झाला. "मला दुखलं व्हतं," तो म्हणाला. "लय दुखलं व्हतं. मी दाबलं."

"तोंड दाबलं असशील. पाय कसा दाबलास?"

"दाबला."

"एवढा, की माझ्या हातालाही कळू नये?"

"मला दुखलं व्हतं, दादा." तो पुन्हा म्हणाला, आणि मला दिसलं की तो खोटं बोलत नाही. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला ते दुखणं आठवायला लागलं होतं. जे कधी झालंच नाही ते दुखणं त्याला माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं. अशा माणसाशी काय वाद घालणार.

मग तो म्हणाला, "आन् तुला कळलं व्हतं, तर तवा का न्हाई बोलला?"

भ्यालो, एवढंच. मी तेच म्हणालो, "भ्यालो."

"कुणाला?"

"सगळ्यांना. चुलत्यांना. तुझ्या फेट्याला."

आतून कुणीतरी पंगत वाढली म्हणून हाक दिली. एकही माणूस हलला नाही. पुतण्या बाजेवर बसून आपला तळवा गुडघ्यावर घेऊन बघत होता, पहिल्यांदाच बघत असावा तसा. आबा त्याच्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं धोतर सावरलं, मुलाच्या शेजारी बाजेवर बसला आणि तीन बोटांचा उजवा पाय पुढं केला.

"लाव," तो मुलाला म्हणाला. "माझ्या पायाला लाव. दादाला न्हाई, तू लाव." आणि त्यानं डोळे मिटले.

पुतण्यानं बायकोच्या मुठीतून वात घेतली. वाकून बापाच्या पावलावर टेकवली. जुन्या डागाच्या वणावर, मग अंगठ्यावर, मग तळव्यावर. टाचेपर्यंत नेली. पुन्हा वर आणली. शेवटी तिन्ही बोटांच्या मधे खोचून ठेवली आणि हात काढून घेतला.

आबा डोळे मिटून ताठ बसला होता. त्याचे ओठ "आता" म्हणायच्या तयारीत होते. थोड्या वेळानं तो वैतागून म्हणाला, "लाव की. किती येळ?"

त्यानं डोळे उघडले. बोटांत खोचलेली वात बघितली. ती त्यानं हळूच ओढून काढली, बोटांनी पुन्हा वळून सरळ केली आणि सुनेच्या हातात दिली, देवाची वस्तू खाली पडू नये तशी.

"उद्या ड्युटीला जाऊ नगंस," तो मुलाला म्हणाला. "दवाखान्यात जायचं. मी बी येतो."

ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्यानं तीच तपासणी केली, शिवाय रक्ताची. साखर निघाली, भरपूर. जखम बरीच आत गेली होती, पण हाडाला पोचली नव्हती. ती भरायला बरेच महिने गेले. मेलेले तंतू परत येत नाहीत, डॉक्टरांनी ते स्पष्टच सांगितलं. डोळ्यांनी रोज तळवा बघायचा आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, एवढंच आता हातात आहे. पुतण्याचा अंगठा शाबूत आहे. सून दर रविवारी दोन्ही तळव्यांचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. तो मला दिसावा म्हणून. त्याखाली नातेवाईक हात जोडलेली चित्रं आणि गुलाबाची फुलं पाठवतात. तळव्याला फुलं वाहणाऱ्या ह्या लोकांपैकी एकानंही स्वतःची साखर तपासलेली नाही. मी विचारलं आहे.

आणि गोष्ट बंद झाली का? नाही. गेल्या महिन्यात न्हावऱ्याजवळ एका नातलगाच्या साखरपुड्याला गेलो होतो. जेवणं झाली, माणसं भिंतीला टेकली, कुणीतरी म्हणालं, "आबा, सांगा की." आबानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सुरुवात केली. विळा, धूर, वास, सगळं तसंच. पण फेट्याच्या जागी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मला वाटलं म्या सोसलं. पर पाऊलच मेलं व्हतं. घोटा दादाच्या हातात व्हता. त्याला तवाच कळलं, नुसत्या हातानं."

ऐकणारे माझ्याकडं वळले. "मास्तर ते मास्तरच," एक जण म्हणाला. "हातानं वळखलं, बघा." दुसऱ्यानं आपला पाय माझ्यापुढं केला. तिसऱ्यानं मला पान दिलं.

मी म्हणालो, "अरे, पण मी बोललो नाही. वीस वर्षं बोललो नाही."

"असू द्या, आप्पा," ते म्हणाले, आणि आबानं पुढं सांगायला सुरुवात केली.

म्हणून लिहितो आहे. माझ्या हाताला काही अक्कल नव्हती. जिवंत पाय झटकतो आणि हा झटकला नाही, हे कुठल्याही मेंढक्याला कळलं असतं, चुलत्यांनी पाय स्वतः धरला असता तर त्यांनाही कळलं असतं. बातमी माझ्यापर्यंत नीट पोचली होती. ती पुढं द्यायची होती, आणि मी दिली नाही. ही गोष्ट पुन्हा कुणी सांगायला लागलं, तर मास्तरांना कळलं होतं ह्यावर थांबू देऊ नका. मग मास्तर बोलले का नाहीत, ते विचारा. आबानं विचारलं तसं.